मागचे आसन

गेल्या दसऱ्याच्या पंधरा-वीस दिवस आधी माझा भाचा एका संध्याकाळी दांडिया बाजारातील आमच्या घरी आला आणि पायांतील जोडे काढता काढताच म्हणाला, "मामा, मोटरसायकल घ्यायची आहे. तुम्ही जन्मभर चालविलीत. कोणती घेऊ ते तुम्हीच सांगा." असले प्रश्न पूर्वी स्थळाविषयी किंवा घराच्या जागेविषयी वडीलधाऱ्यांना विचारीत, आणि तेव्हाही विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असे. त्याचेही ठरलेले होते. त्याने फोनवर एक चित्र काढून माझ्यापुढे धरले. गाडी देखणी होती यात संशय नाही. टाकी भरदार, चालकाचे आसन खोलगट व प्रशस्त, आणि त्याच्यामागे वीतभर उंचावर, टोकाला चिकटविल्यासारखी, जेवणाच्या पाटापेक्षाही लहान अशी एक गादी. "आणि हे काय?" मी विचारले. "मागची सीट," तो म्हणाला, आणि किंचित थांबून, "कधीमधी लागते ना."

त्या 'कधीमधी'त कोण बसणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. माझी थोरली बहीण, आमची अक्का, सहासष्ट वर्षांची आहे. भावोजींना जाऊन नऊ वर्षे झाली. हा तिचा धाकटा. कारेलीबागेत दोघे राहतात. दर गुरुवारी तो तिला दत्ताच्या देवळात नेतो, आणि वर्षातून दोनदा, दत्तजयंतीस व आषाढ शुद्ध प्रतिपदेस, गरुडेश्वरी जावे असा तिचा नेम होता. 'होता' असे म्हणावे लागते, कारण भावोजी गेल्यापासून तो मोडला आहे. आमचे आजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत वेंगुर्ल्याहून नोकरीसाठी बडोद्यास आले. कोकणातून इतक्या दूर आलेल्या घराण्याला गरुडेश्वराचे जे वाटते ते समजावून सांगण्याची गरज नाही. माणगावचे टेंबेस्वामी, वासुदेवानंद सरस्वती, १९१४ साली तेथे नर्मदातीरी समाधिस्थ झाले. आपल्याकडचा एक पुरुष इतक्या लांब चालत येऊन येथे थांबला, असा एक आपलेपणा त्या स्थानाविषयी आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

यंत्राचा विषय दिसताच ज्यांना पान उलटावेसे वाटेल त्यांना एवढीच विनंती की थोडा धीर धरावा. प्रश्न गाडीचा नाही. जी वस्तू आपण आपल्या पैशाने, आपल्या उपयोगासाठी आणि आपल्या हौसेने विकत घेतो, पण जिच्यावर अधूनमधून दुसऱ्याचा जीव सोपविला जातो, तिची निवड कोणाच्या मापाने करावी, असा तो आहे. घर बांधताना, धंदा निवडताना, परगावी नोकरी पत्करताना हाच प्रश्न निराळ्या वेशात पुढे उभा राहतो. मोटरसायकलीवर तो उघडा दिसतो, कारण तेथे माणसे दोनच असतात, एकामागे एक, आणि दोघांच्या मध्ये भिंत नसते.

भाच्याने आपली बाजू मांडली ती गणिताची होती. तो म्हणाला, "आठवड्याचे सहा दिवस मी एकटाच जाणार. मकरपुऱ्याला कामावर जायचे आणि यायचे. रविवारी मित्रांबरोबर पावागड नाहीतर सापुतारा. आई गुरुवारी, तीही अर्धा तास. मग सहा दिवसांचे सोडून एका दिवसाच्या मापाने गाडी का घ्यावी?" वरवर पाहता हे बिनतोड आहे. मी त्याला देवळाच्या सभामंडपाचे उदाहरण दिले. एरवीच्या दिवशी सकाळच्या आरतीला पाच माणसे असतात. म्हणून कोणी पाच माणसांचा मंडप बांधीत नाही, जत्रेच्या रात्री पालखी फिरेल एवढा बांधतात. तो हुशार आहे. लगेच म्हणाला, "पण मामा, घरातले रोजचे पातेले कोणी समाराधनेच्या मापाचे घेत नाही. त्या दिवशी देवळातून मोठे आणतात."

मला क्षणभर उत्तर सुचले नाही, आणि ते सुचले नाही हे बरेच झाले, कारण त्यामुळे प्रश्न नेमका कोठे आहे ते दिसू लागले. पातेले मागून आणता येते. क्वचित लागणाऱ्या गोष्टी उसन्या आणाव्यात, भाड्याने घ्याव्यात, यात शहाणपणच आहे. अक्काला गुरुवारी रिक्षाने पाठविता येते. परंतु तिला गाडीवर घेतल्यानंतर त्या गाडीची स्थिरता, आसनाची लांबी, धरावयाची मूठ या गोष्टी त्या अर्ध्या तासापुरत्या कोठून उसन्या आणणार? म्हणजे एकट्यापुरती गाडी घेण्यात दोष नाही. एकट्यापुरती गाडी घ्यावी आणि तसे सरळ सांगावे की ही दोघांची नव्हे, हा प्रामाणिक व्यवहार झाला. दोष आहे तो एकट्यापुरती घेऊन तिच्यावर दुसऱ्याला बसविण्यात, आणि 'कधीमधी' हा शब्द नेमका त्या दोषावर पांघरूण घालतो. दिवसांच्या संख्येने तेथे काही ठरत नाही. खड्डा गुरुवार पाहून येत नाही.

मी हे इतक्या ठामपणे लिहितो त्याला कारण आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी, अक्काच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा, भावोजींपाशी एक मोटरसायकल होती. तिच्या मागच्या चाकावरची जाळी धुताना अडते आणि तिच्यात चिखल साचतो म्हणून त्यांनी ती काढून माळ्यावर टाकली होती. डभोईच्या रस्त्याला अक्काचा पदर चाकात गेला. गाडी अगदी हळू चालली होती म्हणून जीव वाचला, पण तिचा डावा कोपर अजून पुरता सरळ होत नाही. भावोजी सज्जन होते. ते पुढे वर्षानुवर्षे एकच वाक्य म्हणत, "मी सावकाशच चालवीत होतो." ते खरे होते, आणि त्याने काही फरक पडत नव्हता हेही ते जाणत होते. त्यांनी गाडी विकली आणि स्कूटरसाठी नंबर लावला. त्या काळी बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. अक्काने त्यांना एका शब्दानेही दोष दिला नाही. मला वाटते, दिला असता तर त्यांना सोपे गेले असते.

कायदा या बाबतीत आपण समजतो त्याहून अधिक बारकाईने बोलतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२८ वे कलम सांगते की चालकाखेरीज एकच माणूस न्यावा, आणि तोही चालकाच्या मागे पक्क्या बसविलेल्या योग्य आसनावर. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२३ वा नियम याहून पुढे जातो. मागे बसणाऱ्याला धरावयास मूठ हवी, पाय ठेवावयास आधार हवा, आणि त्याचे वस्त्र चाकात गुंतू नये म्हणून मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण हवे. यालाच बाजारात साडीगार्ड म्हणतात. सरकारी नियम बहुधा रूक्ष असतात, पण हा वाचताना मला असे वाटते की तो लिहिणाऱ्याने कोणाला तरी मागे बसलेले डोळे भरून पाहिले असावे. गाडी ज्याच्या नावावर नाही, जो तिचा हप्ता भरीत नाही, तिच्या रंगाविषयी ज्याला कोणी विचारले नाही, अशा माणसासाठी तो लोखंडाचा तुकडा तेथे आहे. आणि नवी गाडी घरी आली की तरुण मंडळी पहिल्या आठवड्यात जी वस्तू काढून टाकतात ती हीच. का, तर रूप बिघडते. भाच्यानेही मला तेच सांगितले होते. आपल्या आईचा कोपर त्याने लहानपणापासून पाहिला आहे, पण पाहिलेल्या गोष्टीचा आणि करावयाच्या गोष्टीचा सांधा मनात आपोआप जुळतोच असे नाही.

आता यंत्राविषयी थोडे. पुढे बसणारा दोन चाकांच्या मधोमध असतो. मागे बसणारा जवळजवळ मागच्या आसावर. म्हणून मागचे चाक जेव्हा खड्ड्यात उतरते तेव्हा मागच्याला बसणारा धक्का मोठा असतो. पुढच्याच्या हातात दांडा असतो, पायाखाली आधार असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला खड्डा दिसतो. तो अंग सावरतो, गुडघे सैल करतो, श्वास आवरतो. मागच्याच्या वाट्याला तोच खड्डा सूचनेवाचून येतो. एकाच रस्त्यावरून एकाच क्षणी जाणारी ही दोन माणसे दोन निरनिराळे रस्ते अनुभवीत असतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. गाडीची निवड म्हणजे बव्हंशी या दोन रस्त्यांतील अंतर कमी करणे होय. आसन लांब व सपाट असावे, मागचे पुढच्यापेक्षा फार उंच नसावे. उंच असले की मागच्याचे वजन वर जाते, वळणावर गाडी अवघड होते, आणि ब्रेक दाबताच तो पुढच्याच्या पाठीवर येतो. पाय ठेवण्याची जागा इतकी वर नसावी की गुडघे पोटाशी यावेत. मागच्या स्प्रिंगांना बहुतेक गाड्यांत पाचएक टप्पे असतात. दोघे असताना त्या आवळायच्या आणि मागच्या चाकात हवा अधिक भरायची, असे माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका गाडीबरोबर मिळते आणि कपाटात जाते. तो पाना फिरविलेला मनुष्य मी बडोद्यात क्वचितच पाहिला आहे.

वजनाचा विचार मनोरंजक आहे. रस्त्यावर सर्वांत अधिक दिसणाऱ्या स्प्लेंडरसारख्या गाडीचे वजन सुमारे ११२ किलो. साठ किलोचा माणूस मागे बसला की गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भार वाढला. बुलेटच्या घराण्यातील क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची; तिला तोच माणूस तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी वाटतो. म्हणून जड गाडी दोघांना घेऊन स्थिर चालते, आणि तिच्या यंत्राची ओढ कमी वेगातही असल्यामुळे पावागडच्या माचीपर्यंतचा चढ ती कुरकुर न करता चढते. परंतु तीच गाडी मांडवीच्या गर्दीत थांबली, चालकाचा पाय घसरला, तर अडीचशे किलो एका पायावर तोलणे हे काही सर्वांचे काम नव्हे. हलकी गाडी तेथे माणसाचे ऐकते. जो धावताना उत्तम तो थांबताना उत्तम असतोच असे नाही. आणि शहरात आपण पुष्कळ वेळ थांबलेलेच असतो.

स्कूटर का नको, असे कोणी विचारील. वस्तुतः पुष्कळ घरांना तेच उत्तर योग्य आहे: आसन लांब, चाक झाकलेले, पुढे पिशवी ठेवायला जागा. पण तिची चाके लहान, आणि लहान चाकाला खड्डा मोठा. गरुडेश्वराचा रस्ता ऐंशी किलोमीटरांच्या आसपास. २०१८ साली केवडियास सरदारांचा पुतळा उभा राहिल्यापासून तो रुंद व वेगवान झाला आहे. त्यावर मोठ्या चाकांची गाडी अधिक निश्चिंत. आणि दुसरे असे की त्या तरुण माणसाला मोटरसायकल हवी होती. हवी असणे हेही एक कारण आहे, ते अगदीच हिशेबाबाहेर टाकू नये.

या हौसेविषयी मला थोडे लिहिलेच पाहिजे, नाहीतर हा लेख एकांगी होईल. तारुण्यात माझ्यापाशी म्हैसूरच्या कारखान्यात झालेली येझदी होती. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. पहाटे एकट्याने हालोलच्या रस्त्याने निघावे, पावागड धुक्यातून हळूहळू वर यावा, मनात कोणाचा विचार नाही, कोणाला उत्तर द्यायचे नाही, शरीराचा कण न् कण फक्त पुढच्या वळणाकडे लागलेला. त्या तासाभरात मला जे मिळे ते मी देवळातही क्वचित मिळविले आहे. हे मी खोटे का सांगू? आपल्या परंपरेने एकट्या फिरणाऱ्याला कमी लेखलेले नाही. टेंबेस्वामींनी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतचा सारा प्रवास पायी केला, कोणत्याही वाहनाला हात लावला नाही. जो पायी चालतो तो कोणाच्या भारावर नसतो व कोणाचा भार वाहत नाही. मात्र तो एकटेपणा त्यांनी सर्वस्वाचे मोल देऊन घेतला होता. आमच्या भाच्याचा होता तो रविवारपुरता, सुलभ हप्त्यांनी घेतलेला संन्यास. तरी मी त्याला हसलो नाही. ज्याला अधूनमधून एकटे राहता येत नाही तो माणूस दुसऱ्याला सोबत तरी कशी देणार?

मला स्वतःला मागच्या आसनाची ओळख वयाच्या बावन्नाव्या वर्षी झाली, आणि ती गोव्यात झाली. कुलदेवाच्या दर्शनाला गेलो होतो. फोंड्याच्या बसस्थानकावरून मंगेशीला जायचे होते. पत्नी नातेवाइकांच्या गाडीतून पुढे गेली होती. मी पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल केली. भाडे घेऊन एका माणसाला मागे बसवून नेणाऱ्या या लोकांना गोव्यात पायलट म्हणतात, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्याची गाडी साधी, जुनी. आसन सपाट व लांब, मूठ धड, पाय ठेवण्याचे आधार जागच्या जागी. त्याची भाकरी मागच्या आसनावर होती, हे तिच्याकडे पाहताच समजे. निघण्यापूर्वी त्याने मान वळवून मी नीट बसलो ना ते विचारले आणि माझे उत्तर येईपर्यंत गाडी हलविली नाही. तीस वर्षे मोटरसायकल चालविलेला मी त्या आठ-नऊ किलोमीटरांत प्रथमच शिकलो की समोर दुसऱ्याची पाठ असली म्हणजे रस्ता दिसत नाही, आणि ज्याला रस्ता दिसत नाही त्याला विश्वासाखेरीज धरावयास काही नसते. संध्याकाळी मी पत्नीला विचारले, "इतकी वर्षे माझ्यामागे बसलीस, तुला कसे वाटे?" ती म्हणाली, "मान अवघडायची." "मग बोलली का नाहीस?" "तुम्ही विचारलेत कधी?"

मागे बसणारा बोलत नाही ही या विषयातील सर्वांत कठीण गोष्ट आहे. वाऱ्यामुळे ऐकू जात नाही, शिरस्त्राणामुळे जात नाही. पण त्याहून अधिक, आपण पाहुणे आहोत अशा भावनेमुळे जात नाही. 'ठीक आहे ना?' असे विचारले तर 'ठीक आहे' एवढेच उत्तर येते. म्हणून संमती मिळाली असे समजून चालणे फार धोक्याचे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली या देशात शिरस्त्राण न घातलेली ५०,०२९ माणसे दुचाकीच्या अपघातांत मेली. त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेली होती. या चौदा हजारांपैकी गाडी कोणी निवडली होती, वेग कोणी ठरविला होता, मागच्यासाठी दुसरे शिरस्त्राण घेतले होते की नाही, याचा तपशील कोठे लिहिलेला नसतो. आपल्या गुजरात सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये शहरांच्या हद्दीत शिरस्त्राणाची सक्ती काही काळ उठविली होती तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटल्यासारखा आनंद झाला होता. आनंद करणारे बहुतेक पुढे बसणारे होते.

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे, बुद्धीला सारथी, मनाला लगाम. हे रूपक आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्यातील एक गोष्ट लक्षात येत नाही: तेथे रथ ज्याचा, तो हाकणारा नव्हे. हाकणारा नोकर आहे. ज्याच्यासाठी हाकायचे तो स्वस्थ बसलेला आहे. मोटरसायकलीने हा क्रम उलटा केला. हाकणारा धनी झाला आणि बसलेला ओझे झाला. चित्रकारांना मात्र ही अडचण कधी पडली नाही. राजा रविवर्म्याने बडोद्याच्या दरबारासाठी पुष्कळ काम केले. त्याच्या नावावर छापलेले गरुडवाहन विष्णूचे चित्र आमच्या देवघराच्या भिंतीवर आजोबांच्या वेळेपासून आहे. विष्णूच्या दोन्ही बाजूंस श्री आणि भू, तिघांचा भार एकट्या गरुडावर, आणि तिघांच्याही चेहऱ्यावर तोच निवांतपणा. कलम १२८ च्या दृष्टीने तो गुन्हाच. पण त्या गरुडाच्या पाठीवर मागचे आसन नाही, हे मी लहानपणापासून पाहत असूनही भाच्याच्या निमित्ताने प्रथम पाहिले.

एवढे सगळे माझ्या मनात जुळल्यावर मी मोठ्या उत्साहाने कारेलीबागेत गेलो आणि अक्कासमोरच त्याला सांगितले की गाडी दोघांची घे, आईला बसता येईल अशी. अक्का निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून त्याच्याकडे वळली आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "तुका जाय तें घे, पूण म्हजें नांव फुडें करूं नाका." मी चपापलो. मला वाटले होते की मी तिची बाजू मांडतो आहे. नंतर, तो बाहेर गेल्यावर, ती मला म्हणाली, "आज तो माझ्यासाठी म्हणून घेईल. उद्या मित्र पुढे निघून गेले की आईसाठी घेतली म्हणून मागे राहिलो, असे त्याला वाटेल. बोलणार नाही, पण वाटेल. मग गुरुवारी मी त्या गाडीवर बसायचे की त्याच्या मनातल्या त्या गोष्टीवर?"

तिचे म्हणणे मी बरेच दिवस घोळवीत राहिलो. दुसऱ्याचा विचार करून निवडणे वेगळे आणि दुसऱ्याला आपल्या निवडीचे कारण करणे वेगळे. पहिल्यात कर्तव्य आहे. दुसऱ्यात उपकार, आणि उपकाराची नोंदवही कोठे ना कोठे ठेवलेली असते. भावोजींचे 'मी सावकाशच चालवीत होतो' मी जन्मभर ऐकले. त्याच घरात आता 'आईसाठीच तर घेतली' असे दुसरे वाक्य जन्माला यावे हे मला नको होते. मी त्याला पुन्हा काही सांगितले नाही. फक्त एक विनंती केली: जी गाडी घेशील ती चालवून पाहण्याआधी तिच्यावर मागे बसून पाहा.

दुकानात सगळे चालवूनच पाहतात. मागे बसून पाहणारे गिऱ्हाईक बहुधा तेथे पहिल्यांदाच आले असावे, कारण विक्रेता मुलगा गोंधळला. भाच्याचा एक मित्र पुढे बसला, हा मागे त्या लहानशा गादीवर, आणि अकोट्याच्या पुलावरून जुन्या पाद्रा रस्त्याने ते वळसा घालून आले. वीस मिनिटे लागली. उतरल्यावर तो काही बोलला नाही. मित्राच्या खांद्यावर त्याच्या बोटांचे वळ उठल्याचे मित्रानेच हसत सांगितले. पुढचे चार दिवस तो दुसऱ्या तीन गाड्यांवर असाच मागे बसून फिरला. एका गाडीची मूठ चांगली होती पण बोटे आवळून दुखली. दुसरीवर पाय धूर सोडणाऱ्या नळीला लागत होता. हे सर्व तो मला येऊन असे सांगे की जणू काही नवा देशच पाहून आला आहे.

शेवटी त्याने घेतली ती मधल्या वजनाची, सरळ बसायची, लांब आसनाची गाडी. नाव देत नाही, कारण जाहिरात करण्याचा हेतू नाही. रंग तांबडाच घेतला. एकट्याने सापुताऱ्याचा घाट चढताना ती त्या पहिल्या देखण्या गाडीइतकी उसळत नाही, हे तो मान्य करतो, आणि ते मान्य करताना त्याच्या तोंडावर जी किंचित हळहळ दिसते ती मला बरी वाटते. ती लपविली असती तर मला काळजी वाटली असती. दसऱ्याला झेंडूचा हार घालून पूजा झाली. साडीगार्ड जागेवर आहे.

एक गोष्ट मला नंतर कळली. गाडी ठरण्यापूर्वीच, तिच्यासाठी कोणती येणार हे ठाऊक नसताना, अक्का एकटी मंगळबाजारात जाऊन पंजाबी पोशाख घेऊन आली होती. एका बाजूला दोन्ही पाय टाकून बसण्यापेक्षा दोहींकडे पाय टाकून बसणे गाडीला व बसणाऱ्याला अधिक सुरक्षित, हे तिला कोणी सांगितले ते माहीत नाही. सहासष्ट वर्षांत नऊवारी नाही तरी पाचवारीखेरीज तिने काही नेसलेले मी पाहिले नव्हते. ओढणी तिने घेतली नाही; "तीच तर चाकात जाते," म्हणाली.

दत्तजयंतीच्या पहाटे दोघे गरुडेश्वराला गेली. दोघांच्या डोक्यावर शिरस्त्राण, तिचे नवे. परतताना डभोईच्या अलीकडे तिने त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटून गाडी थांबवायला लावली. त्याला वाटले काही विसरले. ती उतरली, गुडघा चोळला आणि म्हणाली की पाय ठेवायची जागा दोन बोटे वर आहे, जाताना काही वाटले नाही पण येताना गुडघा भरून आला. रस्त्याच्या कडेला चहा घेऊन ती तासाभराने पुन्हा बसली. भाचा आता ते दोन बोटे खाली घेता येईल का, हे विचारीत रावपुऱ्यातील एका मेकॅनिककडे चकरा मारतो आहे. त्याचे म्हणणे आहे की नवी पट्टी घडवून बसविता येईल, पण मग वळणावर ती जमिनीला टेकण्याची भीती आहे. ते अजून ठरलेले नाही.